तक्रारी निरंक

हे कोणी खरं मानणार नाही, आणि ज्यांनी आयुष्यात एकही थाप ऐकलेली नाही त्यांनी तर मानूच नये; पण बोलून बोलून गोत्यात आलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात, गप्प बसून गोत्यात आलेला रेडिओचा निवेदक सगळ्या दुनियेत एकच झाला, आणि तो म्हणजे सावकाशराव. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. केंद्रावरच्या मंडळींनी ते ठेवलं, कारण एकतीस वर्षं ते रोज दुपारी बारा चाळीसला धिम्या गतीचं बातमीपत्र वाचत होते: ऐकणाऱ्याला शब्द न शब्द लिहून घेता यावा, इतक्या संथ लयीत. पूर्वी जिथे वर्तमानपत्र पोचत नसे तिथले शिक्षक ते फळ्यावर उतरवून घेत, वाचनालयांच्या दारावर ते कोणाच्या तरी हस्ताक्षरात लागत असे. आता सगळीकडे सगळं पोचत होतं, तरी बातमीपत्र चालूच होतं. चार बातम्या, नदीची पातळी, बंद असलेले रस्ते, हरवलेली माणसं. त्यांच्या दोन वाक्यांमधल्या फटीत एक गृहस्थ उठून दाढी करून आले तरी क्रियापद यायचंच होतं, अशी त्यांची कीर्ती. स्वतः सावकाशराव ही गोष्ट सांगताना दाढीच्या जागी लग्न घालत. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी जन्माला यायचा होता. कँटीनमध्ये त्यांनी एकदा सुरुवात केली की चहा निवून जाई आणि कोणाला कळत नसे. पण माइकचा लाल दिवा लागला की हाच माणूस असा सरळ होई की एकतीस वर्षांत नदीच्या पातळीचा एक दशांश त्यांच्या तोंडून इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी बसथांब्यावर पुढच्या माणसाने वर्तमानपत्र झटकून उघडलं आणि सावकाशरावांना त्यात आपलं अक्षर दिसलं. बातमी नंतर दिसली, मथळा त्याच्याही नंतर. आधी दिसलं ते अक्षर, बोटाएवढं फुगवलेलं, आपला बनियन परक्याच्या दोरीवर सगळ्या गल्लीसमोर वाळत पडलेला दिसावा तसं. त्यांच्या 'नि'ची वेलांटी जरा जास्त मागे जाते, म्हातारा माणूस खुर्चीत रेलतो तशी; तीसुद्धा आली होती. केंद्राच्या नोंदवहीतलं ते पान होतं. वेळ: १२.४६ ते १२.५०. तपशील: शांतता. कारण: आणि कारणापुढे काहीच नाही. तक्रारी: निरंक. शेवटच्या शब्दाभोवती छापखान्याने एक जाड वर्तुळ काढलं होतं, आणि वर मथळा: 'चार मिनिटं मुके, आणि कोणाला पत्ताच नाही!' सावकाशरावांनी तो मथळा पुन्हा एकदा वाचला. लोक आपल्याला शिव्या देतात हे सोसता येतं, शिव्या देणाऱ्याने निदान ऐकलेलं तरी असतं.

"काय म्हणतोय पेपर?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार! ते तुमच्याआमच्या जिवावर चालणारं रेडिओ केंद्र नाही का, टेकडीवरचं? झोपले चार मिनिटं."

"आणि?"

"आणि काय? कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कोणी ऐकेल तर ना!"

"मी ऐकत होतो," सावकाशराव म्हणाले.

"तुम्ही?"

"हो तर. फार छान शांतता होती. इतकी स्वच्छ शांतता हल्ली लागत नाही."

त्या माणसाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तो रांग सोडून दोन पावलं पलीकडे उभा राहिला. सावकाशरावांना क्षणभर गंमत वाटली, आणि मग ती गंमत ओल्या काडेपेटीसारखी पेट न घेताच विझली. बस आली, ते चढले, दांडी धरून उभे राहिले, आणि खिडकीच्या काचेत त्यांना पुन्हा तेच वर्तुळ दिसू लागलं. नऊ दिवस हे चाललं होतं. शहरातलं सगळ्यात खपाचं वर्तमानपत्र, रोज पहिल्या पानावर केंद्राची एक चौकट. पहिल्या दिवशी पांढरा हत्ती, दुसऱ्या दिवशी पेंगणारं केंद्र, तिसऱ्या दिवशी स्वागतकक्षातल्या मोडक्या खुर्चीवर बसलेल्या मांजराचा फोटो, खाली 'केंद्रातील एकमेव कार्यक्षम कर्मचारी'. मांजराचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, ते खरंच कार्यक्षम होतं. खुर्ची मोडकी होती, लिफ्ट बंद होती, ध्वनिमुद्रणाचं यंत्र तीन महिन्यांपासून दुरुस्तीला होतं. जे खरं होतं ते त्यांनी सोसलं. वर्तमानपत्राच्या मालकाला गाण्यांचं स्वतःचं केंद्र काढायचं होतं आणि त्याला टेकडीवरचा मनोरा हवा होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते कोणत्या पेपरात यायचं? पण 'निरंक' या शब्दावर काय बोलणार? तो तर आपणच लिहिला. आपल्याच हाताने, निळ्या शाईत, नियमाप्रमाणे. टेलिफोनच्या खोलीत जाऊन त्यांनी विचारलं होतं, कोणाचा फोन? तिथल्या मुलीने मान हलवली होती, आणि त्यांनी परत येऊन लिहिलं होतं, निरंक. खोटं लिहिता आलं असतं. एक 'दोन' लिहिला असता, एक 'तीन'. कँटीनमध्ये ज्या तोंडाने त्यांनी वाघ, देवमासे आणि सात मजली सासुरवाड्या उभ्या केल्या त्या तोंडाला दोन फोन काय जड होते? पण नोंदवहीच्या कागदावर त्यांचा हात कधी थाप मारत नसे, हा त्या हाताचा रोगच होता.

हातावरून ताई आठवली. म्हणजे ती आठवली असं म्हणणंही खोटंच, ती जायची कुठे? एकतीस वर्षं ती माइकच्या पलीकडे बसलेली होती. निवेदक म्हणून लागले तेव्हा केंद्रावर एक म्हातारे गुरुजी होते, दात नसलेले, पण एक व्यंजन घसरू न देणारे. ते म्हणाले होते, "घड्याळाकडे बघून धिमं वाचता येत नाही, बाळा. समोर एक माणूस बसव. एकच. तो लिहितोय. त्याचं वाक्य लिहून झालं की तो मान वर करील. त्याने मान वर केली की तू पुढचं वाक्य म्हण. त्याच्या आधी म्हणशील तर तो मागे राहील, आणि रेडिओवर मागे राहिलेल्या माणसाला हात वर करून थांबा म्हणता येत नाही." सावकाशरावांना माणूस शोधावा लागला नाही. ताई चौदा वर्षांची होती आणि ते चार वर्षांचे होते तेव्हा आई गेली, ताईची शाळा सुटली, आणि चूल, पाणी, भांडी यांच्या मधल्या वीस मिनिटांत ती फळीवरच्या रेडिओसमोर पालथी मांडी घालून बसायची. सामान बांधून आलेले कागद ती हाताने दाबून दाबून सरळ करी आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर दुपारचं बातमीपत्र उतरवी. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. कपाळावर आलेली बट मनगटाच्या मागच्या बाजूने सारायची, कारण बोटं कोळशाने नाहीतर पिठाने भरलेली. परराष्ट्रमंत्री, अर्थसंकल्प, अवर्षण असे शब्द त्या घरात दुसऱ्या कोणत्या दाराने आलेच नसते. सावकाशराव समोर बसून बातम्या ऐकत नसत, ताईची मान बघत. वाक्य संपलं की ती मान वर व्हायची, डोळे रेडिओकडे जायचे, आणि रेडिओ जणू तिला बघूनच पुढचं बोलायचा. लहान सावकाशरावांची पक्की समजूत होती की रेडिओतल्या माणसाला ताई दिसते. ही समजूत त्यांनी पुढे कधी सोडली नाही. नोकरीच त्या समजुतीवर केली. ताई पुढे संसाराला लागली, तिला लेक झाली, केस पांढरे झाले, पण माइकच्या पलीकडे ती चौदाचीच राहिली, जिभेचं टोक ओठात धरून, आणि तिची मान वर झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य बाहेर पडत नसे. ही पद्धत त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, लोकांना त्या खऱ्या वाटतात आणि मग ते दया दाखवतात.

केंद्रावर मॅडम वाटच बघत होत्या. मॅडम म्हणजे केंद्रप्रमुख, नऊ दिवसांत नऊ वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या. टेबलावर ते वर्तमानपत्र पालथं घालून ठेवलं होतं, जणू त्याला झोप लागली होती.

"बसा. हे आजच्या समितीच्या सुनावणीत वाचायचं. पाच ओळी आहेत."

सावकाशरावांनी कागद लांब धरला. प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे माझा डोळा लागला. ही चूक सर्वस्वी माझी वैयक्तिक असून तिच्याशी केंद्राच्या कार्यपद्धतीचा काडीमात्र संबंध नाही.

"मॅडम, मी झोपलो नव्हतो."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय झालं होतं ते सांगा, मी ते लिहिते. आठ दिवस विचारतेय तुम्हाला." त्या थांबल्या. सावकाशराव टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचू लागले. "बघा, हे असं. तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त. डोळा लागला म्हटलं की माणूस चुकला. नाही म्हटलं की केंद्र चुकलं. समिती आजच ठरवणार आहे, केंद्र ठेवायचं की मनोरा त्या पेपरवाल्यांच्या घशात घालायचा. माणसाला माफी असते हो, केंद्राला नसते."

"आणि बातमीपत्र?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ते बंद करू, असं मी कबूल केलंय. बाकीचं वाचतंय त्यात."

"डोकं देऊन टोपी वाचवायची म्हणा की."

"सावकाशराव!"

"खोटं बोलायला माझी ना नाही, मॅडम. पण हे फारच किरकोळ खोटं आहे. माझ्या तोंडी शोभायचं नाही."

"आज थापा नकोत. हात जोडते. तिथे पाच माणसं बसलीत आणि पाचांच्याही हातात तो पेपर आहे."

कागद चार घड्या करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला. सुनावणीचं सभागृह चालत दहा मिनिटांवर होतं, मॅडम गाडीने पुढे गेल्या, ते पायी निघाले. रस्ता खोदलेला होता आणि फळ्यांवरून माणसं एकामागे एक चालत होती. फळी पायाखाली लवली तसा त्यांना तो शांततेचा गुरुवार आठवला. आठवला म्हणजे अंगावर आला. त्याच्या आधी मंगळवारी ताईची उजवी बाजू गेली होती. भाची म्हणाली, मामा, तिला सगळं कळतंय, फक्त हात ऐकत नाही. तो हात चादरीवर पडला होता, पाहुणा निघून गेल्यावर विसरलेल्या छत्रीसारखा. ताईने डोळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तोंडाचा जो अर्धा भाग चालत होता त्याने ती हसली. गुरुवारी ते स्टुडिओत बसले. दिवा लागला. एकामागून एक चारही बातम्या गेल्या. मग त्यांनी वाचलं, 'आज सकाळी सहा वाजता नदीची पातळी साडेसात मीटर होती', आणि ते थांबले, रोज थांबतात तसे. समोर ताईच्या बोटांत पेन्सिल होती. कागद सरळ केलेला होता. पेन्सिल हलत नव्हती. आता ज्याला कोणाला हसायचं असेल त्याने हसावं, पण जो माणूस लिहू शकत नाही त्याला टाकून पुढचं वाक्य कसं म्हणायचं? रेडिओवर तीन सेकंद शांतता म्हणजे अपघात आणि दहा सेकंद म्हणजे गुन्हा, हे ते नव्या लोकांना शिकवत असत. घड्याळाचा तांबडा काटा एकदा फिरला, दोनदा फिरला. काचेपलीकडच्या यंत्रवाल्याने आवाजाचा काटा आडवा झालेला पाहिला आणि त्याच्या मनात दुसरी शंकाच आली नाही. सावकाशराव चुकतात हे त्याच्या कल्पनेत बसत नव्हतं, म्हणून काटाच अडकला असं समजून त्याने कानांवरचा हेडफोन काढून ठेवला आणि यंत्राची मागची झाकणी उघडून आत डोकं घातलं. जगात असल्या विश्वासाने बुडालेली माणसं थोडी नाहीत. चार मिनिटं. आणि मग आपण काहीतरी बोललो. काहीतरी, दोनतीन शब्द, कागदावर नसलेले. ते म्हटल्यावर ताईची मान वर झाली आणि बातमीपत्र पुढे सरकलं. पण ते शब्द कोणते? आठ दिवस ते खिसे उलटे करून बघत होते. ध्वनिमुद्रणाचं यंत्र दुरुस्तीला, यंत्रवाल्याचं डोकं झाकणीत, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यात त्या जागी नुसता तो तांबडा काटा. जिभेला दात पडल्याची जागा सापडत राहावी तशी ती जागा त्यांना सापडत होती, आणि दात सापडत नव्हता. शब्द हवेत सोडले ते कोणाकडे तरी गेले असतील, असं ते एकतीस वर्षं धरून चालले होते. ते दोनतीन शब्द कोणाकडेच गेले नसतील तर आधीचेही गेले नव्हते. मग नदी, रस्ते, हरवलेली माणसं, सगळं एका बंद खोलीत म्हटलं गेलं, आणि वर्तमानपत्राने काढलेलं ते जाड वर्तुळ बरोबर होतं.

सभागृहात पाच जण उंचावर बसले होते, मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचे, कंटाळलेले पण सज्जन. त्यांच्या पायांशी एका लहान टेबलामागे समितीची लघुलेखिका, पन्नाशीची बाई, जे बोललं जाईल ते खुणांच्या लिपीत उतरवून घेण्यापुरती तिथे असलेली. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, पंख्याकडे बघत नाहीत तसं. डावीकडे वर्तमानपत्राचा वार्ताहर, तरतरीत, गोड गळ्याचा. सावकाशरावांच्या मनात आलं, हा आपल्याकडे असता तर सकाळचं प्रसारण याला दिलं असतं.

"अध्यक्षमहाराज," वार्ताहर म्हणाला, "मला फार बोलायचंच नाहीये. बेकरीचं दार चार मिनिटं बंद राहिलं तर लोक दार ठोठावतात. पाण्याचा नळ चार मिनिटं गेला तर बादल्या घेऊन रस्त्यावर येतात. या शहरात इतकी लाखो माणसं आहेत. केंद्र चार मिनिटं गेलं आणि एका माणसाने, एका, फोन उचलला नाही. हे मी म्हणत नाही, यांचीच वही म्हणते. जे नसल्याचं कोणाला कळत नाही, ते आहे असं म्हणायचं तरी कशाला?"

लोक हसले. हशा मोकळा होता, त्यात वैर नव्हतं, आणि म्हणूनच तो सावकाशरावांना जास्त लागला. पोरगा लबाड नव्हता, बरोबर बोलत होता. अध्यक्षांनी त्यांना खूण केली. ते उठले, खिशातला कागद उलगडला आणि म्हणाले, "प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे". सवयीने थांबले. आणि समोर, चार हातांवर, लघुलेखिकेची पेन्सिल कागदावर सरसर गेली, थांबली, आणि तिने मान वर केली.

एकतीस वर्षं ज्या मानेकडे बघून ते बोलले ती मनातली होती. ही खरी होती, हाडामासाची, चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा असलेली. या मानेसमोर तो कागद पुढे वाचायचा? झोपलो होतो म्हणायचं, आणि तिने ते लिहून घ्यायचं, आणि ते कायमचं राहायचं? खरं सांगावं तर ताईचा हात या टेबलावर, या पेपरवाल्याच्या वहीत आणून ठेवायचा. ते तर होणे नाही. उरली थाप. उरली तर उरली. निदान ती आपली, घरची, वाढवलेली. त्यांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या. मॅडमनी दुसऱ्या रांगेत डोळे मिटून घेतले.

"हे मी वाचत नाही," सावकाशराव बारा चाळीसच्या लयीत म्हणाले. "माफी मागायला आलो होतो. मागत नाही. ती शांतता चूक नव्हती. ती आमची पद्धत आहे."

पेन्सिल थांबली, मान वर झाली.

"पद्धत?" अध्यक्ष जागे झाले.

"धिम्या गतीचं बातमीपत्र लोक पेन्सिलीने लिहितात. पेन्सिलीला टोक लागतं. महिन्यातून एकदा, न सांगता नव्हे, सांगून, आम्ही टोक काढण्याची विश्रांती देतो. मी म्हणतो, श्रोतेहो, आता पेन्सिलींना टोक काढून घ्या. आणि थांबतो. चार मिनिटं. तीन मिनिटांत जाड पेन्सिल होत नाही."

सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं. वार्ताहर पुढे सरसावला. "मग वहीत कारण का नाही लिहिलं?"

"नेहमीच्या गोष्टीचं कारण लिहितात का? सूर्य उगवला, कारण अमुक, असं कुठल्या वहीत असतं?"

"आणि तक्रार एकही नाही ती?"

"बाळा, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात पातं. फोन काय पायाने उचलायचा?"

आता हशा उजवीकडून आला, आणि सावकाशरावांना तो हशा कँटीनमधल्यासारखा ओळखीचा वाटला. त्यांच्या अंगात वारं भरलं. त्या चार मिनिटांत, त्यांनी सांगितलं, टेकडीवरून कान दिला तर अख्ख्या शहरावर टोक काढल्याची कुरकुर ऐकू येते, वाळवी लागल्यासारखी. शाळांमधून येते, कचेऱ्यांतून येते. एका गृहस्थांनी तर विश्रांती संपल्याचं न कळल्यामुळे काढता काढता सबंध पेन्सिल संपवली, आणि उरलेलं बातमीपत्र नखाने लिहिलं. त्यांचं नख केंद्रात जपून ठेवलेलं आहे, मांजराच्या खुर्चीखाली. "तुमच्या पेपरला कोणी थांबतं का हो?" ते वार्ताहराकडे वळले. "तुम्ही छापता आणि पुढे जाता. वाचणारा मागे राहिला तर राहिला. मनोरा हवाय ना? घ्या. गाणी लावा. पण त्या मनोऱ्यावरून एकदा तरी कोणासाठी तरी थांबून दाखवा, आणि मग माझ्या 'निरंक'भोवती वर्तुळं काढा!" हे शेवटचं बोलणं थाप नव्हतं, ते कसं बाहेर पडलं ते त्यांना कळलं नाही. आवाज चढला होता. रेडिओवर तो कधी चढला नव्हता.

अध्यक्षांच्या पांढऱ्या भुवया हलत होत्या. ते हसू आवरत होते, आणि हसणाऱ्या माणसाला सुटका करायला निमित्त लागतं. "म्हणजे ही पूर्वापार चालत आलेली पद्धत आहे. आणि त्या दिवशी तशी सूचना दिली होती?"

"दिली होती."

"शब्दशः?"

"श्रोतेहो, आता पेन्सिलींना टोक काढून घ्या."

मॅडमनी डोळे उघडले. वार्ताहर काहीतरी शोधत कागद उलटेपालटे करत होता. ध्वनिमुद्रण नव्हतं, साक्षीदार नव्हता, आणि चार मिनिटं कोणीच ऐकलं नाही असं तर त्यानेच छापलं होतं. अध्यक्ष खाली वाकले. "बाई, लिहून घ्या. सदरची शांतता प्रस्थापित पद्धतीनुसार व पूर्वसूचनेने पाळण्यात आली, असे समितीचे मत झाले."

सावकाशराव पेन्सिलीकडे बघत राहिले. ती हलली नाही. मान वर होण्याची त्यांनी वाट पाहिली. पण ती खाली गेलीच नव्हती, नजर त्यांच्यावरच रोखलेली होती. बाईने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

"बाई, तुमचं काम लिहायचं आहे."

"अठ्ठावीस वर्षं लिहितेय, साहेब. खोटं आहे. हे असलं काही बोलले नाहीत." ती उभी राहिली होती, आणि तिलाच ते नंतर कळलं असावं, कारण तिने खुर्चीची पाठ धरली. "हाताचा वेग राहावा म्हणून मी रोज जेवणाच्या सुट्टीत यांचं बातमीपत्र घेते. माझ्या वहीत आहे. साडेसात मीटर होती, पूर्णविराम. पेन्सिलीचं नाव नाही, टोकाचं नाव नाही. नुसते थांबले. माझी खिडकी वाऱ्याने उघडली होती, कागद खोलीभर झाले होते, मी ते वेचत होते. वेचले, क्रमाने लावले, येऊन बसले, आणि तेव्हा हे म्हणाले, 'झालं का गं?' एवढंच. मी म्हटलं, झालं, सांगा. मग यांनी पुढचं सांगितलं."

सावकाशराव ते तीन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होते.

"बाई," वार्ताहर म्हणाला, त्याचा गोड गळा पहिल्यांदाच कोरडा पडला होता, "चार मिनिटं केंद्र बंद होतं, तुम्ही ऐकत होतात, मग तक्रार का नाही केलीत?"

"कसली तक्रार?" ती त्याच्यावर खेकसली. "माझं व्हायचं होतं म्हणून थांबले होते ते!"